पाकोळी, नांगर आणि ‘कमावलेल्या’ गोंदणाचा दावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात लष्करभरतीची किंवा मर्चंट नेव्हीची तयारी करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांत खलाशांच्या गोंदणांचे अर्थ सांगणारा एक तक्ता वरचेवर फिरत असतो. पाकोळी (स्वॅलो पक्षी) म्हणजे 5000 सागरी मैलांचा प्रवास, जहाजाचा नांगर म्हणजे अटलांटिक पार केल्याची खूण, कासव म्हणजे विषुववृत्त ओलांडल्याची, पूर्ण शिडांचे जहाज म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घातल्याची, असे त्यात दिलेले असते. खाली निष्कर्ष असतो की, खलाशाचे गोंदण पदकासारखे कमवावे लागते, त्यात व्यक्तिगत अर्थाला जागा नसते आणि न कमावता ते गोंदवणे ही चोरी आहे. तक्त्यातील अर्थ मनचे नाहीत, खलाशांमध्ये ते सांगितले जातात. निष्कर्ष मात्र टिकत नाही.

एका चित्राला एकच अर्थ, हे गृहीतकच आधी कच्चे आहे. पाकोळी मैलांची म्हणून सांगितली जाते तशीच ती घरी परतण्याचीही सांगितली जाते, आणि समुद्रात मेलेल्याचा आत्मा ती वाहून नेते असे मानणारेही होते. पायांवर डुक्कर आणि कोंबडा गोंदवला की बुडून मरण येत नाही, ही समजूत तर मुळात मागणे आहे. केलेल्या प्रवासाची नोंद तिच्यात कुठून येणार?

‘कमावण्या’च्या मुद्द्याला जुनी कागदपत्रेच उत्तर देतात. ब्रिटिश नौदल अमेरिकी खलाशांना जबरदस्तीने आपल्या जहाजांवर ओढून नेत असे, म्हणून अमेरिकेने 1796 साली कायदा करून खलाशांना नागरिकत्वाचे दाखले देण्यास सुरुवात केली. माणूस ओळखू यावा यासाठी त्यासंबंधीच्या कागदांत उंची, वर्ण, व्रण यांच्याबरोबर गोंदणेही टिपली जात. त्या नोंदींत नांगर आहेत, बदाम आहेत, क्रूस आहेत, पण सर्वांत ठळकपणे दिसतात ती अक्षरे: स्वतःच्या नावाची किंवा आपल्या माणसाच्या नावाची आद्याक्षरे. दूरच्या किनाऱ्याला लागलेले प्रेत कोणाचे हे कळायला अशी अक्षरे उपयोगी पडत, आणि बायको किंवा आई महिनोन्महिने दिसणार नसताना तिचे नाव दंडावर वागवण्याला यापेक्षा निराळे कारण शोधण्याची गरज नाही. विषुववृत्त ओलांडल्यावर नेपच्यूनचा, म्हणजे रोमन समुद्रदेवाचा, लुटुपुटीचा दरबार भरवण्याची प्रथा खरी आहे आणि त्यानंतर कासव गोंदवणारेही आहेत, हे मान्य. पण त्या प्रसंगाचे प्रमाणपत्र कागदावर मिळते आणि प्रवासाची नोंद जहाजाच्या दप्तरात राहते, कातडीवर तपासायला कोणी बसत नाही.

शिवाय चित्र निवडले कसे जाई, हेही पाहावे. सॅम्युएल ओ’रायली याने 1891 साली न्यूयॉर्कमध्ये विजेच्या गोंदणयंत्राचे पेटंट घेतले. त्यानंतर काम झपाट्याने होऊ लागले आणि बंदरातल्या दुकानांच्या भिंतींवरचे तयार नमुने पाहून, खिशात पैसे असतील त्याप्रमाणे खलाशी बोट दाखवू लागले. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेसारख्या ठिकाणी बॅटरीवरचे यंत्र घेऊन बसलेल्या गोंदणाऱ्याजवळही असाच फलक असतो: मारुती, ओम, विंचू, ‘आई’. मनगटावर विंचू असलेल्या माणसाला विंचू चावलेलाच असला पाहिजे, असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. तो सोबतीला आलेल्या दोस्तानेही तसाच गोंदवला म्हणून असेल, किंवा केवळ आवडला म्हणून. हे त्यालाच विचारावे लागते, आणि नांगरवाल्या खलाशालाही.

तक्त्याच्या काही आवृत्त्यांत आणखी एक वाक्य असते, की 1769 साली इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर पोहोचला आणि तेव्हाच युरोपियनांना गोंदण कळले. कुकच्या सफरींनी ही आवड खलाशांत वाढवली असेल. पण जेरुसलेमला जाणारे ख्रिस्ती यात्रेकरू त्याआधीच हातावर क्रूस गोंदवून परतत होते, आणि स्कॉटिश प्रवासी विल्यम लिथगो याने 1612 मध्ये तिथे गोंदवून घेतले होते. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते, असे म्हणणाऱ्या आपल्याकडच्या म्हाताऱ्यांनी तर जहाजही पाहिलेले नसते.

नांगर गोंदवला की नौदलात वजन पडते, ही तक्त्याला कुणी कुणी जोडलेली शेपटी मात्र मुलांचे नुकसान करणारी आहे. 1909 साली अमेरिकी नौदलाने अश्लील गोंदणाच्या उमेदवारांना नाकारायचे ठरवले, तेव्हा कित्येकांना दंडावरच्या उघड्या बाईला कपडे चढवून घ्यावे लागले. भारतीय सैन्यदलांच्या भरतीत कायमचे गोंदण सर्वसाधारणपणे कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस आणि पंजाच्या मागच्या बाजूस चालते. आदिवासी समाजांच्या रूढीनुसार असलेल्या गोंदणांचा विचार वेगळा होतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावातील केंद्रावर उतरणाऱ्या मुलाने छातीवर पाकोळ्या काढून घेण्याआधी त्या वर्षीची भरतीची जाहिरात वाचावी.