एकच युजर पुरे, बाकीचे नखरे

सॉफ्टवेअर नवीन आहे ना? मग वेगवेगळ्या युजरची भानगड आधी डोक्यातून काढा. पोस्टग्रेस (माहिती टेबलांत साठवणारा डेटाबेस) बसवलं की 'पोस्टग्रेस' नावाचा सुपरयुजर, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, आयता मिळतो. बिलिंग, गोदाम, पगार, रिपोर्ट, सगळ्यांना त्याचाच पासवर्ड वाटा. सुपरयुजरची परमिशन तपासलीच जात नाही, त्यामुळे 'परमिशन डिनाइड'चं तोंड बघायला नको. टेबल कुणी उडवलं यावरून भांडणही नको, लॉगमध्ये नाव एकच. आणखी एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. मूळ सेटिंगमध्ये एकूण 100 कनेक्शनपैकी 3 अडीअडचणीसाठी सुपरयुजरच्या नावाने राखून ठेवलेली असतात. ॲपच सुपरयुजर झालं की तीही तेच खातं, आणि गर्दीच्या वेळी दुरुस्तीला आलेला माणूस बाहेरच ताटकळतो. निवांत!

कुणी फारच मागे लागलं तर रिपोर्टसाठी वेगळा रोल (म्हणजे युजरच) काढा, टेबलं वाचायची परमिशन देणारा 'ग्रँट सिलेक्ट ऑन ऑल टेबल्स' हा आदेश चालवा आणि घरी जा. यातलं 'ऑल' म्हणजे आज असलेली सगळी टेबलं. पुढच्या मायग्रेशनमध्ये (टेबलांच्या रचनेतल्या बदलात) जन्मणारं टेबल त्यात नाही, पण ते पुढचं पुढे. त्यावर पुढच्या टेबलांची परमिशन आधीच ठरवणारा 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' हा उतारा आहे. तो स्वतःच्या लॉगिनने चालवा आणि 'फॉर रोल' (कोणता रोल बनवेल त्या टेबलांसाठी ते) मुळीच लिहू नका. तसं केलं की तो फक्त तुम्ही पुढे बनवाल त्या टेबलांना लागू होतो. मायग्रेशन चालवणारा रोल दुसराच. आदेश यशस्वी, उपयोग शून्य.

टेबलाची परमिशन दिलीत, आता स्कीमावरचं (टेबलं ठेवायच्या कप्प्यावरचं) 'यूसेज', म्हणजे आत शिरायची परमिशन, विसरा. खोलीची किल्ली हातात, इमारतीचं फाटक बंद. इन्सर्ट (नवी नोंद घालायची परमिशन) दिलंत तर सीरियल कॉलममागच्या सीक्वेन्सच्या (आपोआप पुढचा क्रमांक देणाऱ्या यंत्रणेच्या) परमिशनला हात लावू नका. जुनी बिलं दिसतील, नवं एकही बनणार नाही. (सीक्वेन्सची वेगळी परमिशन न लागणारा आयडेंटिटी कॉलम वापरलात तर ही गंमत हुकेल.)

2022 साली आलेल्या 15व्या आवृत्तीने नव्या डेटाबेसमध्ये 'पब्लिक' नावाच्या आयत्या स्कीमात वाटेल त्याला टेबल बनवू देणं बंद केलं. काय हा जाच! जुना डंप (डेटाबेसची काढून ठेवलेली प्रत) तिथे रिस्टोअर करा, जुनी मोकळीक सोबत येते.

राहता राहिला नोकरी सोडून गेलेल्याचा रोल. तो काढायला गेलात तर पोस्टग्रेस अडून बसतं: याच्या नावावर टेबलं आहेत. भित्री माणसं प्रत्येक डेटाबेसमध्ये आधी 'रिअसाइन ओन्ड' करून मालकी दुसऱ्याला देतात, मग उरलेल्या परमिशनसाठी 'ड्रॉप ओन्ड', शेवटी 'ड्रॉप रोल'. तीन आदेश कशाला? पहिला गाळा. टेबलं मालकाबरोबरच जातील. त्या टेबलांवर बेतलेला एखादा व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) आडवा आलाच, तर 'ड्रॉप ओन्ड'च्या शेवटी 'कॅस्केड' लिहा, म्हणजे तोही जाईल.