रात्रीचा निर्णय कुणाच्या नावावर?

नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे जादा शिक्षण घेऊन ठरावीक उपचारांचे निर्णय स्वतः घेणारी नर्स, हा विषय काढला की आमच्या बेळगावातले बरेच डॉक्टर फणकारतात. "मग आम्ही एवढी वर्षं कशाला घासली?" हा प्रश्न ठरलेला. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम 32 आलं, डॉक्टर नसलेल्यांनाही उपचार करायचा मर्यादित परवाना देण्याची सोय झाली, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशन ही डॉक्टरांची संघटना रस्त्यावर उतरली होती. बोगस डॉक्टरांना दार उघडताय, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नव्हतं. परवाना नेमका कुणाला, हे त्या कलमात ढिसाळच आहे. पण चार वर्षं बीएस्सी नर्सिंग केलेली मुलगी आणि बोगस डॉक्टर एकाच तागडीत?

आणि पुरावा शोधायला लांब कशाला जायचं? आपल्याच जिल्ह्यात, जेएनएमसी या बेळगावच्या मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर 2002 ते 2005 या काळात अभ्यास केला. खेड्यांत बाळंतपणं करणाऱ्या एएनएमच्या, म्हणजे नर्स-सुईणींच्या हाती बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. 1,620 बाळंतिणी. काहींना औषध, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. बिनऔषधाच्या गटात 12 टक्के बायकांना जास्त रक्तस्राव झाला, औषधाच्या गटात 6.4 टक्के. 2006 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. म्हणजे नर्सवर विश्वास टाकून बघितला तोही डॉक्टरांनीच!

खानापूरच्या भीमगड जंगलातल्या वाड्यांवर पावसाळ्यात पेशंट खांद्यावरून आणावा लागतो. आता आरोग्य उपकेंद्रांत सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आल्यात, बहुतेक नर्सिंग केलेल्याच. बीपी-शुगरच्या गोळ्या त्या देतात, पण उपचार सुरू करायचे डॉक्टरांनी. डॉक्टर फोनवर मिळाले तर बरं. त्या भागात पावसात रेंज किती असते, ते तिकडं राहणाऱ्यांना विचारा.

मी स्वतः आयसीयूत नर्स आहे. रात्री दोनला "सर, प्रेशर पडतंय, इंजेक्शन वाढवू काय?" असं आम्ही फोनवर विचारतो तेव्हा आमचं ठरलेलं असतं, पलीकडून झोपेतलं "हां, वाढवा" तेवढं हवं असतं. सकाळी सही त्यांची. काही चुकलं तर मात्र "सिस्टरनं नीट सांगितलं नाही."

सगळा दोष डॉक्टरांचा नाही हं. क्रिटिकल केअरचा दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स आहे म्हटलं तर आमच्याच सीनियर सिस्टर म्हणतात, "पगार तेवढाच, वर जबाबदारी कुणी घ्यायची?" बाई, जबाबदारी रोजच घेताय, फुकट घेताय!

मला ऑपरेशन करायचं नाही, की नावापुढं डॉक्टर लावायचं नाही. कोणत्या स्थितीत कोणतं औषध किती द्यायचं, हे हॉस्पिटलनं आधी लेखी ठरवून द्यावं, आणि त्याप्रमाणं निर्णय घेणाऱ्या सिस्टरचं नाव केसपेपरवर वेगळ्या रकान्यात यावं. याला विरोध असेल तर तोही लेखी द्या, कारणासकट.