डिंगलआधी डनगार्वन बघा

आयर्लंडमध्ये निवृत्तीनंतर किनाऱ्यावर कुठे राहावं, यावरच्या लेखात पश्चिमेच्या डिंगल गावाचं नाव पहिलं घेतलंय, पण तिथे राहण्याच्या परवान्याबद्दल एक ओळही नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांनी सुरुवात तिथूनच करायला हवी. 'स्टँप ०' या, निवृत्तांना लागणाऱ्या परवान्यासाठी माणशी वर्षाला 50,000 युरो उत्पन्न लागतं, म्हणजे जोडप्याला एक लाख. शिवाय अडीअडचणीसाठी तिथल्या एका घराच्या किमतीइतकी शिल्लक आणि खासगी आरोग्यविमा. अर्ज आयर्लंडला जाण्यापूर्वीच करायचा. परवाना दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो, नोकरी करता येत नाही आणि ही वर्षं नागरिकत्वासाठी धरली जात नाहीत. घर विकत घेतलं म्हणून परवाना मिळतो, हा समज तर साफ चुकीचा.

आता जागा. डिंगल देखणं आहे, वाद नाही. पण मोठं रुग्णालय ट्रलीला, साधारण 50 किलोमीटरवर, आणि पश्चिमेचा पाऊस-वारा सत्तरीत सोसायला कठीण. दक्षिण किनाऱ्यावरचं डनगार्वन सपाट, दुकानं पायी अंतरावर, वॉटरफर्डपर्यंत 46 किलोमीटरचा ग्रीनवे, म्हणजे चालण्या-सायकलीचा मार्ग. आग्नेयेला वेक्सफर्डकडे ऊन जास्त, मात्र तिथले मातीचे कडे समुद्र खातोय. कड्यालगतचं घर नकोच.

घर बघताना बीईआर दाखला, म्हणजे घराच्या ऊर्जाक्षमतेचा दर्जा सांगणारा कागद मागा. एफ किंवा जी या सर्वांत खालच्या दर्जाचं जुनं दगडी घर तापवण्यात पेन्शन जाईल. कपाटं भिंतीपासून ओढून मागची बुरशी बघा. गावाबाहेर असेल तर सेप्टिक टँकची नोंदणी तपासा, आणि टाकीचं पाणी जमिनीत मुरतं त्या शोषक्षेत्रावर पाणी साचतंय का ते भर पावसाळी दिवशी जाऊन बघा. खरेदीआधी एक अख्खा हिवाळा त्याच गावात भाड्याने काढा. डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं.