‘हजारांत एखादाच खेळाडू होतो, बाकीच्यांनी वेळ का घालवायचा?’ : त्या फॉरवर्डला उत्तर

पालकांच्या गटांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली फक्त ‘प्रत्येक पालकाने वाचावे’. म्हणणं थोडक्यात असं: शाळेतल्या खेळाला दिलेला वेळ अभ्यासातून वजा होतो. हजारांत एखादाच खेळाडू होतो, बाकीच्यांच्या हाती काही लागत नाही. वाढत्या वयात हाडं मोडून घेण्यात शहाणपण नाही. व्यायाम घरीही करता येतो. खेळाने चारित्र्य घडतं ही थाप आहे. आणि निदान परीक्षेच्या वर्षी तरी मैदान बंद करा. या सहांपैकी एक मुद्दा बराचसा खरा आहे, त्याच्याकडे येऊच.

अभ्यासाचा मुद्दा चटकन पटतो, कारण तो साध्या वजाबाकीसारखा दिसतो. ही वजाबाकी प्रत्यक्ष करून पाहिलेली आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात त्र्वा-रिव्हिएर इथे १९७० ते १९७७ या काळात प्राथमिक शाळेतल्या काही वर्गांना रोज एक तास जादा शारीरिक शिक्षण दिलं गेलं. पाहणीत ५४६ मुलं होती. जादा तास शाळा सुटल्यावर घेतला नव्हता, तो अभ्यासाच्या वेळेतूनच कापला होता, सुमारे १३ ते १४ टक्के. एवढं कापूनही नेहमीच्या वेळापत्रकातल्या मुलांच्या तुलनेत या मुलांची अभ्यासातली प्रगती खाली आली नाही. पुढे २०१० मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने शाळेतली शारीरिक हालचाल आणि अभ्यास यांवरचे ५० अभ्यास एकत्र वाचले. त्यांतल्या २५१ निष्कर्षांपैकी ५०.५ टक्क्यांत संबंध चांगला दिसला, ४८ टक्क्यांत काहीच दिसला नाही आणि १.५ टक्क्यांत वाईट दिसला. तेव्हा ‘खेळा, गुण आपोआप वाढतील’ असं सांगत सुटणाऱ्यांनीही जरा दमाने घ्यावं. पण गुण घसरतात म्हणणाऱ्यांच्या पदरात शंभरात दीडच पडतो. शाळेचा संघ रोज चार-चार तास राबवला जात असेल आणि मूल घरी येऊन वहीवरच झोपत असेल, तर भांडायचं त्या वेळापत्रकाशी.

आता ‘हजारांत एक’. आकडा चूक नाही, बहुधा जरा उदारच आहे. चूक आहे ती बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांना काही मिळत नाही असं मानण्यात.

चार बाय शंभर मीटरची रिले घ्या. बॅटन देण्याघेण्यासाठी तीस मीटरचा पट्टा असतो. घेणारा मागे बघत नाही. त्याने आपल्या मागे पावलं मोजून जमिनीवर एक खूण केलेली असते. देणारा त्या खुणेवर आला की हा सुटतो, आणि मागून हाक आली की हात मागे टाकतो. खूण फार लांब पडली तर मागचा त्याला गाठू शकत नाही, फार जवळ पडली तर पाठीवर येऊन आदळतो. पहिल्या आठवड्यात बॅटन पडतच राहतो आणि चौघं एकमेकांवर खेकसत राहतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘तू लवकर सुटतोयस, खूण दोन पावलं अलीकडे घे.’ दुसरा नाक मुरडत का होईना, घेतो. असं करत करत एके दिवशी हातातून हातात बॅटन जातो. या चौघांतला कुणी पुढे देशासाठी धावणार नाही, कदाचित शाळेच्या अंतिम फेरीतही चौथा नंबर येईल. पण दुसऱ्याचा वेग ओळखायचा, आपली चूक सगळ्यांसमोर दुरुस्त करायची आणि न बघता हात मागे टाकायचा, याचा एवढा सराव त्यांना आणखी कोणत्या तासाला मिळतो?

हे नुसतं वर्णन झालं म्हणाल, तर मोजलेलंही आहे. अमेरिकेत १९७२ मध्ये टायटल नाइन हा कायदा आला आणि सरकारी निधी घेणाऱ्या शाळांना मुलींना खेळाची बरोबरीची संधी देणं भाग पडलं. १९७१-७२ मध्ये हायस्कूलच्या संघांत तीन लाखांहूनही कमी मुली होत्या, सहा वर्षांत त्या वीस लाखांवर गेल्या. बेट्सी स्टीव्हन्सन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २०१० च्या आपल्या अभ्यासात राज्याराज्यांतली ही वाढ पुढच्या आयुष्याशी ताडून पाहिली. खेळणाऱ्या मुली जिथे शंभरात दहाने वाढल्या, तिथे कॉलेजला जाणाऱ्या मुली शंभरात सुमारे एकाने आणि नोकरी-व्यवसायातल्या स्त्रिया शंभरात एक ते दोनाने वाढलेल्या निघाल्या. ‘अभ्यासू, घरच्या चांगल्या मुलीच मुळात खेळायला जातात’ ही नेहमीची शंका इथे फारशी लागू पडत नाही. कोणत्या राज्यात किती संघ निघाले हे मुलींच्या आवडीपेक्षा तिथे मुलांचे संघ आधीच किती होते यावर ठरलं, कारण बरोबरी त्यांच्याशी साधायची होती. या लाखो मुलींपैकी व्यावसायिक खेळाडू झालेल्या किती? नगण्य.

शिवाय तो ‘हजारांतला एक’ लहानपणीच ओळखता येतो हा समजही तपासायला हवा. कॅनडात मुलांच्या आइस हॉकीत वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की वरच्या पातळीवर पोचलेल्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खूप जास्त आणि शेवटच्या महिन्यांतले खूप कमी आहेत. कारण साधं आहे. नवव्या-दहाव्या वर्षी दहा-अकरा महिन्यांचं अंतर म्हणजे अंगाने आणि ताकदीने मोठा फरक. मोठं मूल निवडलं जातं, त्यालाच चांगला प्रशिक्षक आणि जास्त सामने मिळतात, आणि काही वर्षांनी ते खरोखरच चांगलं खेळू लागतं. आपण गुण पारखतोय असं वाटत असतं, प्रत्यक्षात जन्मतारीख निवडत असतो. नॉर्वेने याच्या उलट केलं. तिथे अकराव्या वर्षापर्यंत निकालाच्या याद्या आणि गुणतक्ते नाहीत, तेराव्यापर्यंत राष्ट्रीय स्पर्धा नाहीत, शक्य तितकी मुलं शक्य तितकी वर्षं खेळत राहावीत एवढाच आग्रह. पंचावन्न लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १६ सुवर्णपदकं घेतली. तोवर एका हिवाळी ऑलिम्पिकमध्ये कुणीच एवढी घेतली नव्हती. सगळं श्रेय त्या नियमांना देणार नाही, तिथे बर्फही भरपूर आहे. पण सगळ्यांना खेळवल्याने अव्वल खेळाडू हुकतात, हे म्हणणं मात्र आता जड जाईल.

इजा होतात, हे खरं. गुडघा, घोटा, मनगट आणि सगळ्यांत गंभीर म्हणजे डोक्याला मार. मार लागलेल्या मुलाला त्याच सामन्यात परत उतरवणाऱ्या शाळेत मीही माझं मूल पाठवणार नाही. पण किती इजा होतात, हे नशिबावर सोडायची गरज नाही. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या १२५ फुटबॉल क्लबांत वीस मिनिटांच्या ठरावीक वॉर्म-अपची चाचणी झाली. २००८ मध्ये आलेल्या निकालात तो करणाऱ्यांच्या इजा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाल्या. एकच खेळ बारा महिने खेळल्याने होणाऱ्या दुखण्यांवर अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सल्ला दिला: पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत एकाच खेळाला जुंपू नका, आठवड्यात एक-दोन दिवस आणि वर्षात एकूण तीन महिने त्या खेळातून सुट्टी द्या. लवकर आणि एकच खेळ हा धोका बहुतेकदा शाळेबाहेरच्या महागड्या अकादम्यांतून येतो. शाळेच्या मैदानावर मूल या ऋतूत धावतं, पुढच्या ऋतूत चेंडू खेळतं.

राहिला हाडांचा प्रश्न. इथे मजकूर अगदीच उलटा आहे. फिनलंडमधल्या टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांच्या दोन्ही हातांची हाडं मोजली गेली आणि निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. बाई तीच, आहार तोच, फरक फक्त रॅकेटच्या हाताचा. पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास खेळू लागलेल्यांत दोन हातांमधला हा फरक, पंधराएक वर्षं उशिरा खेळू लागलेल्यांच्या दुप्पट ते चौपट होता. हाड भरायचं वय तेच आहे, ज्या वयात हे गृहस्थ मैदान बंद करायला सांगतात.

घरी व्यायाम जरूर करावा. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी किमान ६० मिनिटांची दमवणारी हालचाल सांगते. २०१९ मध्ये आलेल्या १४६ देशांच्या आकडेवारीत ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं त्याखाली होती. घरी करता येतं ते घरी होत असतं, तर हा आकडा असा नसता. मनाचंही पाहा. अमेरिकेतल्या ९ ते १३ वर्षांच्या ११,२३५ मुलांवरच्या २०२२ च्या अभ्यासात सांघिक खेळ खेळणाऱ्यांत चिंता, उदासी, एकटं पडणं अशा तक्रारी न खेळणाऱ्यांपेक्षा कमी दिसल्या. फक्त वैयक्तिक खेळ खेळणाऱ्यांत मात्र त्या उलट जास्त होत्या. कोणतं कारण, कोणता परिणाम हे अशा पाहणीतून ठरत नाही. तरी खोलीत एकट्याने मारलेल्या जोरबैठका म्हणजे संघ नव्हे, एवढं तरी दिसतं.

चारित्र्याचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. खेळाने आपोआप कुणी सज्जन होत नाही. मैदानावर दादागिरी शिकता येते आणि पंचाची नजर चुकवून ढकलताही येतं. शिकवणारा कोण, यावर पुष्कळ काही ठरतं. अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉलमध्ये काही प्रशिक्षकांना एक छोटी कार्यशाळा दिली गेली: प्रयत्नाची दखल घ्या, चूक न ओरडता दुरुस्त करा, वगैरे. १९९२ मध्ये छापलेल्या निकालानुसार पुढच्या हंगामापर्यंत त्यांच्याकडच्या फक्त ५ टक्के मुलांनी खेळ सोडला. कार्यशाळा न मिळालेल्या प्रशिक्षकांकडे हे प्रमाण २६ टक्के होतं. शाळेला जाब विचारायचा तर इथे विचारा: प्रशिक्षक कसा निवडला, बदली खेळाडूंना किती वेळ मैदानात मिळतो, हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये काय बोललं जातं.

शेवटचा मुद्दा परीक्षेच्या वर्षाचा. फिनलंडमध्ये १९८० पासून मुलांच्या एका मोठ्या गटाचा माग ठेवला गेला. शाळेच्या वयात सलग काही वर्षं संघटित खेळ खेळलेली मुलं २१ वर्षांनंतरही जास्त हालचाल करणारी निघाली. वर्षभर पूर्ण थांबलेलं मूल परत येईलच असं नाही. तोवर संघ भरलेला असतो, दम गेलेला असतो, मित्र बदललेले असतात. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच प्रशिक्षकाशी बोलून आठवड्यातल्या सरावाच्या पाच दिवसांचे दोन दिवस करून घ्या, बाहेरगावच्या स्पर्धा सोडा आणि परीक्षेआधीच्या महिन्यात सामने नकोत हे लेखी कळवा. बहुतेक प्रशिक्षक ऐकतात. जो ऐकत नाही, त्याच्याबद्दल मुख्याध्यापकांकडे जा.