स्टुटगार्टला ‘दोन कार म्युझियम सोडून काही नाही’ म्हणे!

पुण्याच्या ऑफिसांमधून जर्मनीला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड सारखा फिरतोय. स्टुटगार्टला मर्सिडीज आणि पोर्शेची म्युझियमं बघा आणि म्युनिकची ट्रेन पकडा, जुनं शहर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बिंगमध्ये गेलं, फिरणं महाग, आणि व्हेज माणसाचे हाल. मी तिथे राहून आलोय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी म्युझियमचं. दोन्ही मस्त आहेत, जरूर जा, त्यात वाद नाही. पण ‘बाकी काही नाही’ म्हणणारा माणूस बहुतेक स्टेशनजवळच्या मॉलमधून परत फिरला असणार, कारण त्या मॉलला लागूनच शहराची लायब्ररी आहे, २०११ ची, बाहेरून नुसता करडा ठोकळा आणि आत गेलं की पाच मजले पांढरेशुभ्र, जिन्यांनी जोडलेले, मधे मोकळी जागा आणि चहूबाजूंनी पुस्तकं. फुकट आहे, फक्त रविवारी जाऊ नका, बंद असते.

आता ते बॉम्बिंग. हो, शहर बेचिराख झालं होतं, पण मग तो ढिगारा गेला कुठे हे विचारलंत का कधी? बिर्केनकोप्फ नावाच्या टेकडीवर नेऊन ओतला, टेकडी जवळपास ४० मीटरनी उंच झाली. वर चढून गेलात की पडलेल्या इमारतींचे कोरीव दगड, खांबांचे तुकडे तसेच पडलेले दिसतात आणि खाली सगळं शहर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा डबा खायला बसलेला दगड कुणाच्या तरी खिडकीची चौकट होती हे नंतर लक्षात आलं, घास जाईना. आणि सगळंच काही गेलं नाही. वाइसेनहोफला १९२७ ची वसाहत आहे, त्यातली ल कॉर्ब्युझिएची दोन घरं २०१६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. हो, चंदीगडची आखणी करणारा आर्किटेक्ट, तोच.

महाग? अहो, इथली सगळ्यात भारी मजा साध्या डे-तिकिटात होते! मारियनप्लात्सवरून ‘त्साके’ पकडा, ही १८८४ पासून चालणारी दातेरी रुळांची गाडी, डेगरलोखपर्यंत चढ चढते आणि पुढे सायकली ठेवायचा वेगळा डबा असतो. मग ज्युडहाइमर प्लात्सला जाऊन १९२९ ची लाकडी डब्यांची केबल रेल्वे, ती थेट जंगलातल्या स्मशानभूमीपाशी नेते. म्हणून लोक गमतीने तिला वारशावर टपलेल्यांची एक्सप्रेस म्हणतात, म्हणजे सातबाऱ्यावर डोळा ठेवून मयताला येणारे नातेवाईक तिकडेही आहेत. उतरताना पायऱ्यांनी या, शहरात असे चारशेच्या वर जिने आहेत, काही तर चक्क द्राक्षमळ्यांतून जातात. गुडघे दुखतील, मला शिव्या घालू नका.

द्राक्षमळे आले म्हणजे वाईन आली. मळेवाले वर्षातले थोडेच महिने स्वतःच्या घरात नाहीतर गोठ्यात बाकडी टाकून आपली वाईन विकतात, आणि चालू आहे हे कळावं म्हणून दारावर झाडू टांगतात. आपल्याकडे केरसुणी दाराआड लपवतात, इथे ती दिसली की आत जायचं.

व्हेजचा मुद्दा अर्धा खरा आहे, तोही सांगतो. केज-श्पेट्झले मागवा, चीजमध्ये घोळलेल्या घरगुती शेवया, वर तळलेला कांदा, पोट भरतं. मसूर-श्पेट्झले मिळतं पण त्यात सॉसेज असतं, नको म्हणून सांगायचं. माउलटाशन म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या पुरचुंड्या, त्या पालकाच्या दिसल्या तरी नेहमीच्यात मांस असतं, व्हेजवालं वेगळं मागायचं. खरा धोका बटाट्याच्या सॅलडचा, दिसायला अगदी निरागस, पण इथे ते बऱ्याचदा मांसाच्या सूपमध्ये भिजवतात. विचारून खा.

आणि हो, सोमवारी ती दोन्ही कार म्युझियमं बंद असतात. फॉरवर्डचा प्लॅन घेऊन सोमवारी उतरलात तर ट्रेन येईपर्यंत काय करणार?