डिस्क ठणठणीत, कॉम्प्युटरपण ठणठणीत

जुनी हार्ड डिस्क नव्या कॉम्प्युटरला लावायची म्हणजे काय, केबल खुपसायची आणि बटण दाबायचं, असं सगळ्यांनाच वाटतं. आणि वाटायला कारणही आहे, कारण सॅटाची केबल तीच, पॉवरची पिन तीच, स्क्रूची भोकंपण बरोब्बर जुळतात. मग बटण दाबल्यावर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत येतं की योग्य बूट डिव्हाइस निवडा, जिच्यावरून कॉम्प्युटर सुरू होईल अशी डिस्क द्या. म्हणजे ही अयोग्य! आमच्या अण्णांच्या हळदीच्या अडतीचा सगळा हिशेब पोटात घेऊन बसलेली १६० जीबीची डिस्क अयोग्य. अण्णा मागं उभे होते, म्हणाले काय म्हणतोय रे, मी म्हटलं ओळखत नाही म्हणतोय. "बघ, कालचा आलेला."

जुना कॉम्प्युटर गेला तो मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगून, वयोमानाने. पाण्याने नाही, हे अण्णा आवर्जून सांगतात. २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि आमच्या गावभागात पाणी शिरलं तेव्हा अण्णांनी सगळ्यात आधी सीपीयू गोधडीत गुंडाळून वरच्या मजल्यावर नेला, मग गॅसची टाकी, आणि मग खाली येऊन आईला म्हणाले तू अजून इथंच? हा विषय आई अजून काढते, सणासुदीला विशेष.

आता कुणीही शहाणा माणूस विचारेल की डेटा कॉपी करून घ्या की, बूट कशाला करायचीय. स्टेशन चौकाकडच्या दुरुस्तीवाल्या पोरानंपण हेच विचारलं, म्हणाला, "डेटा काढून देतो आणि नवीन विंडोज मारून देतो, संध्याकाळी घेऊन जावा." सांगलीत कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर विंडोज मारून देतात, उद्या स्क्रीनला तडा गेला तरी आधी विंडोज मारतील आणि मग बघतील. पण इथं अडचण वेगळी होती. अण्णांचा अडतीचा प्रोग्रॅम फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला, डॉसच्या जमान्यातला, निळ्या स्क्रीनवर पिवळी अक्षरं, १६ बिटचा. तो ३२ बिटच्या विंडोज ७ वर चालायचा. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचं काही चालतच नाही, आणि विंडोज ११ तर ६४ बिटमध्येच येतं, म्हणजे विषय संपला. वर ज्यानं तो लिहिला त्यानं कुणी फुकट कॉपी मारू नये म्हणून प्रोग्रॅम डिस्कच्या नंबरला बांधून ठेवलेला. तो प्रोग्रॅमर तेव्हा विश्रामबागेत राहायचा, आता पुण्यात असतो. त्याला फोन लावला तर बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, "अजून चालतंय होय ते?" पासवर्ड त्यालाच आठवत नाही.

आणि एवढं सगळं कशासाठी, तर अण्णांच्या एका जुन्या मित्राचं म्हणणं होतं की त्यांचे दोन हजार तीनशे रुपये अण्णांकडे येणं आहे, हळदीच्या एका पट्टीतले, म्हणजे विक्रीच्या हिशेबातले, अडत बंद करायच्या आधीचे. अण्णांचं म्हणणं, दिलेत, नोंद आहे. मी म्हटलं अण्णा, मी देतो दोन हजार तीनशे. अण्णा माझ्याकडे असे बघायला लागले की मी घर विकायला काढलंय. नवा कॉम्प्युटर केवढ्याला पडला हा मुद्दा मी काढलाच नाही, घरात शांतता असलेली बरी.

तर मग आमचा पुतण्या बसला. हा दिवसभर गेम खेळतो म्हणून घरात त्याला शिव्या बसतात, पण अशा वेळी त्याच्याशिवाय पान हलत नाही. त्यानं सांगितलं ते असं, की जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची आहे, डिस्कचे भाग कुठं सुरू होतात त्याची नोंद ठेवायची ही पद्धत १९८३ ची, म्हणजे माझ्या लग्नाच्याच काय मुंजीच्याही आधीची, आणि नवे कॉम्प्युटर यूईएफआय नावाच्या नव्या पद्धतीनं उठतात, त्यांना त्याच नोंदीच्या नव्या, जीपीटी पद्धतीची डिस्क लागते. जुन्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, सीएसएम म्हणून एक सोय असते, ती चालू करायची. बायोसमध्ये गेलो. सीएसएम होतं, पण करड्या अक्षरात, दाबलं तरी ढिम्म. का, तर आमच्या बोर्डावर प्रोसेसरच्या आतलंच ग्राफिक्स, आणि त्याच्यावर सीएसएम चालू होऊ देत नाहीत, वेगळं ग्राफिक्स कार्ड पाहिजे. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टीम उठू न देणारा पहारा, तोपण बंद पाहिजे. "काका, माझ्याकडे जुनं कार्ड पडलंय," पुतण्या म्हणाला. पडलंय म्हणजे कॉटखाली, सॉक्समध्ये. मी काही विचारलं नाही.

कार्ड बसवलं, करडी अक्षरं काळी झाली, सीएसएम चालू, आणि खरोखर विंडोज ७ चे चार रंगांचे ठिपके गोल फिरत एकमेकांजवळ यायला लागले. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं झालं का, अण्णा म्हणाले झालं, आणि त्या क्षणाला स्क्रीन निळी झाली आणि कॉम्प्युटर परत पहिल्यापासून सुरू. इतक्या झटकन की वाचायलाच येईना. शेवटी पुतण्यानं मोबाइलवर व्हिडिओ काढून, तो थांबवून वाचलं, शेवटी सेव्हन बी असलेला कोड. याचा अर्थ असा की विंडोज उठतंय, पण उठल्यावर स्वतःचीच डिस्क त्याला सापडत नाही! ज्या डिस्कवरून उठला तीच. कारण जुन्या बोर्डावर सॅटा डिस्कशी आयडीई या जुन्या बोलीत बोलायचा, नव्यात एएचसीआय ही नवी बोलीच आहे, आयडीईचा पर्यायच काढून टाकलाय. विंडोज ७ मध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर असतो बरं का, घरातच असतो, पण इन्स्टॉल करताना लागला नाही म्हणून झोपवून ठेवलेला. त्याला जागं करायचं तर विंडोज चालू पाहिजे, आणि विंडोज चालू व्हायला तो जागा पाहिजे. हे ऐकून अण्णा म्हणाले, "तहसीलमध्ये असंच असतंय, यात नवीन काय."

"आणि मर्दा," ते पुढं म्हणाले, "हरिपुरात पेवात हळद घालायचो, जमिनीच्या पोटात, वर्षानुवर्षं. काढली की जशीच्या तशी. ह्यात एवढं काय बिघडतंय?"

"बिघडलं काहीच नाही आजोबा, सगळं आत आहे," पुतण्या म्हणाला. "तोंड उघडत नाहीये फक्त."

तोंड उघडायचा उपाय असा निघाला की डिस्क दुसऱ्या चालू कॉम्प्युटरला यूएसबीच्या डबीतून लावायची, तिच्यातली सिस्टीम रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंगची वही, तिथून उघडायची, आणि त्या झोपलेल्या ड्रायव्हरच्या एमएसएएचसीआय नावाच्या नोंदीत स्टार्टपुढं ३ आहे (मागितलं तरच उठ) तिथं ० करायचं (सुरुवातीलाच उठ). संपलं. एका आकड्याचं काम. खरं सांगतो, मला यात जरा अपमान वाटला. एवढी उलथापालथ, ग्राफिक्स कार्ड, सॉक्स, व्हिडिओ, आणि शेवटी तीनाचा शून्य.

पुढचं मात्र मजेशीर झालं. विंडोज ७ उठलं, पुरतं उठलं, अण्णांचा जुना गणपतीचा वॉलपेपर आला, आणि माउस हलेना. कीबोर्डही मेलेला. कारण विंडोज ७ ला यूएसबी ३ कळत नाही, त्यात त्याचा ड्रायव्हरच नाही, आणि नव्या बोर्डावरचे सगळे पोर्ट आता तसलेच. गणपती समोर दिसतोय आणि आपण नुसते हात जोडून उभे. पण बोर्डाच्या मागं एक गोल पोर्ट होता, अर्धा जांभळा अर्धा हिरवा, पीएसटू. अण्णांनी काही न बोलता माळ्यावरून जुना कीबोर्ड काढून आणला. हा कीबोर्ड यार्डातल्या पेढीवर होता. मूळ रंग पांढरा असावा. बटणांच्या फटीतून हळद बसलेली, उलटा करून आपटला की अजून थोडी पडते, एंटरवर अण्णांच्या करंगळीएवढा खड्डा. लावला आणि पहिल्या फटक्यात चालला. माउस नाही मिळाला, पण अण्णांनी आयुष्यात माउसला हात लावलेला नाही, त्यांचं सगळं एफ टू, एफ फाइव्ह आणि एस्केपवर.

मग थोडा वेळ 'हे विंडोज अस्सल नाही' असं कोपऱ्यात येऊन गणपती जाऊन मागं काळोख झाला, मदरबोर्ड बदलला की त्याला संशय येतो. विंडोज ७ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मध्येच बंद केलाय, तेव्हा तक्रार तरी कुणाकडं करणार. नेटचाही ड्रायव्हर नव्हता, ते उलट बरंच, या वयात त्याला नेटवर सोडणं धोक्याचं.

निळी स्क्रीन आली, ही चांगली वाली निळी, पिवळ्या अक्षरांची. अण्णांनी पासवर्ड न बघता टाकला (प्रोग्रॅमरला आठवत नाही, यांना आठवतो), खातं उघडलं आणि मित्राला फोन केला की ये.

ते आले. आईनं भडंग आणि चहा ठेवला. अण्णांनी स्क्रीनवर बोट ठेवून तारीख दाखवली, पट्टी दाखवली, पुढं नावे-जमा, बाकी निरंक. मित्रानं चष्मा लावला, काढला, परत लावला, भडंगाची मूठ तोंडात टाकली आणि म्हणाले, "हे टीव्हीवर दिसतंय ते काय खरं धरायचं? तुझ्या नातवानं आत्ताच टाकलं असंल. छापून दे."

अण्णांनी एफ नाइन दाबलं. काहीच झालं नाही. पुतण्या वाकून बघायला लागला आणि म्हणाला, "काका, हे एलपीटी वन शोधतंय, प्रिंटरचं जुनं पोर्ट. एलपीटी पोर्टच नाहीये याला." मग माझ्याकडं बघून जरा हळू, "वेगळं कार्ड मिळतं तसं, पण त्याचा विंडोज ७ चा ड्रायव्हर..."

अण्णा तोवर उठून माळ्याखाली स्टूल ओढत होते. "डॉट मॅट्रिक्स वरच हाय," ते म्हणाले. "तू स्टूल धर."