‘पत्र्याचं घर’ या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

अनामित यांस,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात नको म्हणून दोन दिवस जाऊ दिले. राग पूर्ण गेला आहे असं मात्र नाही, ते आधीच सांगते.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: माझं लहानपण इंग्लंडात, लेस्टर शहरात गेलं. 1973 ते 1981 दर जुलैत आम्ही पूर्व किनाऱ्यावर, स्केग्नेसजवळच्या इंगोल्डमेल्स गावात एका कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, आठवडाभर राहायचो. त्या दिवसांबद्दल मी गेल्या महिन्यात लिहिलं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया इथे पूर्ण देते, म्हणजे सोयीचं तेवढं उचललं असं कुणी म्हणायला नको:

“ओघवतं लिहिता, पण हे सुखवस्तू घरातल्या मुलीचं साखरेत घोळलेलं बालपण आहे. पत्र्याच्या डब्यात आठवडा काढणं तुमच्यासाठी गंमत होती, आईसाठी तो दुसरा संसार होता. विचारून बघा तिला. आणि स्केग्नेस पूर्व किनाऱ्यावर आहे, तिथे सूर्य समुद्रात बुडत नाही. या कॅराव्हॅन पार्कांनी त्या किनाऱ्याचं काय केलं तेही कधी लिहा. आपल्या कोकणात आता तेच चाललंय.”

सूर्याचं आधी. तुमचं बरोबर आहे. तिथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि मावळतो तो पाठीमागच्या शेतांवर. ‘संध्याकाळी लाल गोळा पाण्यात बुडायचा’ असं मी लिहिलं, ते चुकलं. 1982 मध्ये आम्ही सांगलीला परत आलो आणि त्यानंतर पाहिलेले सगळे समुद्र रत्नागिरीचे, गणपतीपुळ्याचे, म्हणजे मावळतीचे. डोक्यात दोन समुद्र एकमेकांत मिसळले. खरं तर मला उगवतीच आठवायला हवी होती. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कारखान्यातली पाळी सकाळी सहाची, त्यामुळे सुट्टीतही त्यांना चारला जाग यायची. जुलैत तिकडे पावणेपाचच्या सुमारास सूर्य वर येतो. ते मला झोपेतून उठवून, स्वतःच्या कोटात गुंडाळून बांधावर नेऊन बसवायचे. चूक दाखवलीत, आभारी आहे. पण दिशेची एक चूक सापडली म्हणून बाकीचंही सगळं रचलेलं, असा जो सूर तुमच्या उरलेल्या वाक्यांना लागला आहे, तो मला मान्य नाही.

आता ‘सुखवस्तू’. हा शब्द तुम्ही कुठून आणलात? माझ्या लेखात अण्णांच्या नोकरीबद्दल एक अक्षर नाही. सत्तरच्या दशकात विलायतेत असलेला मराठी माणूस म्हणजे डॉक्टर, त्याची बायको म्हणजे मंडळाच्या गणपतीत पैठणी नेसून मिरवणारी, असं तुम्ही धरून चाललात. तसे लोक होते. गणपतीत ते आम्हाला भेटायचेही, चांगले वागायचे. आम्ही त्यांच्यातले नव्हतो.

अण्णा पलूसजवळच्या एका खेड्यातले. किर्लोस्करवाडीला फिटरचं काम शिकले. कॉमनवेल्थमधल्या कुशल कामगारांना तेव्हा 1962 च्या कायद्याप्रमाणे व्हाउचर मिळायचं, त्या व्हाउचरवर ते 1966 मध्ये, मी तीन महिन्यांची असताना, गेले. लेस्टर हे मोज्यांचं आणि बुटांचं शहर. बूट शिवायच्या मशिनी बनवणाऱ्या एका कारखान्यात ते लागले. पहिली दोन वर्षं एका खोलीत तिघे जण राहत. खाट एकच. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा येऊन त्याच पांघरुणात शिरायचा. 1969 मध्ये आई मला घेऊन गेली तेव्हा अण्णांनी भाड्याने घेतलेल्या घरात संडास मागच्या परड्यात होता आणि हिवाळ्यात त्याचं पाणी गोठायचं. हे मी लेखात लिहिलं नाही, कारण तो लेख आमच्या हालअपेष्टांवर नव्हता, समुद्रावर होता. पण तुम्ही मला सुखवस्तू ठरवलंत, म्हणून आज सांगावं लागतंय. ते मला आवडलेलं नाही.

सुट्टीचंही सांगते. लेस्टरचे कारखाने जुलैच्या पहिल्या दोन आठवड्यांत एकदम बंद व्हायचे. त्याला ‘लेस्टर फोर्टनाइट’ म्हणायचे. सगळं शहर रिकामं व्हायचं आणि निम्म्याहून जास्त माणसं स्केग्नेस नाहीतर मेबलथॉर्पला गेली असावीत असं वाटायचं. गल्लीतली इंग्रज मुलं जायची, बादल्या-फावडी घेऊन परत यायची. मी दरवर्षी विचारायचे, आपण कधी? 1972 च्या जुलैत अण्णांनी शेवटी ठरवलं. एका गेस्टहाउसला फोन केला, खोली आहे म्हणून कळलं, पैसे आल्यावर द्या म्हणाले. आम्ही नव्वद मैल बसने गेलो. धाकटा भाऊ तेव्हा जेमतेम चालायला लागला होता. दार उघडलेल्या बाईने आईच्या साडीकडे पाहिलं आणि ‘भरलंय’ म्हणाली. खिडकीत खोल्या रिकाम्या असल्याची पाटी तशीच होती. दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारापर्यंत अण्णा गेलेच नाहीत. रंगावरून जागा नाकारू नये म्हणून 1968 पासून कायदा होता, पण ती बाई रंगाबद्दल एक शब्द बोलली नव्हती. अण्णांनी आम्हाला किनाऱ्यावर नेलं, वाळूत तासभर बसवलं, बटाट्याचे चिप्स खाऊ घातले आणि संध्याकाळच्या बसने आम्ही परत आलो. त्याच सप्टेंबरात आमच्या शहराच्या कौन्सिलने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की तिथून हाकलल्या जाणाऱ्या आशियाई लोकांनी लेस्टरला येऊ नये. ते असं वर्ष होतं.

अण्णांनी कारखान्यात हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण शेजारच्या लेथवरच्या माणसाने सुट्टी कशी गेली विचारलं आणि त्याला काय समजायचं ते समजलं. त्याची इंगोल्डमेल्सला जुनी कॅराव्हॅन होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याने अण्णांच्या डब्याशेजारी किल्ली ठेवली. ‘आठवड्याचे दहा पौंड, मी डक, आणि निघताना गॅस बंद कर,’ एवढंच म्हणाला. लेस्टरची माणसं जिव्हाळ्याने कुणालाही ‘मी डक’ म्हणतात. अण्णा ते वाक्य शेवटपर्यंत त्याच्याच हेलात म्हणून दाखवायचे.

ती किल्ली माझ्या लेखाचा विषय होती. समुद्राकाठी एक दार होतं आणि ते आमच्या किल्लीने उघडत होतं. कुणी वरपासून खालपर्यंत बघून आम्हाला आत घ्यायचं का ते ठरवत नव्हतं. तुम्ही याला ‘पत्र्याचा डबा’ म्हणालात. मी घर म्हटलं होतं. पत्रा तर होताच, ॲल्युमिनियमचा, आत प्लायवूड. कायद्याने कॅराव्हॅन हलवता येण्यासारखी असावी लागते म्हणून खाली चाकंही होती, ती गवतात रुतून गेली होती. दिवे गॅसचे. पेट्रोमॅक्सला असतं तसं नाजूक मँटल, बोट लागलं की भुगा. जेवणाचं टेबल खाली पाडून त्यावर गाद्या जोडल्या की माझा आणि भावाचा पलंग. पाऊस आला की छतावर असा ताशा वाजायचा की बोललेलं ऐकू येत नसे, आणि तो आवाज आजही माझ्यासाठी झोपेचा आवाज आहे. समुद्र कॅराव्हॅनमधून दिसत नसे. 1953 च्या जानेवारीत तिथे समुद्र आत घुसला, इंग्लंडात 307 माणसं गेली, त्यानंतर किनाऱ्याला उंच काँक्रीटचा बांध घातला. पार्क त्या बांधाच्या मागे, खाली. पायऱ्या चढून वर गेलं की वारा तोंडावर बसायचा आणि मग समुद्र. ओहोटीला तो इतका लांब जायचा की भाऊ विचारायचा, परत येणार ना?

1976 चा जुलै आठवतो. त्या वर्षीच्या दुष्काळाबद्दल इंग्लंडातली माणसं अजून बोलतात. गवत वाळून पिवळं झालेलं, पत्रा तापून आत पाऊल ठेववत नव्हतं. आम्ही सगळे दार उघडं टाकून उंबऱ्यात झोपलो. शेजारच्या कॅराव्हॅनमधल्या म्हाताऱ्या जोडप्याने आम्हाला घडीच्या खुर्च्या दिल्या, आईने त्यांना लिंबाचं सरबत दिलं, मीठ घालून. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि पूर्ण प्यायले. 1978 ला गेलो तर स्केग्नेसचा धक्का जानेवारीच्या वादळात मधून तुटलेला आणि टोकाचं नाट्यगृह समुद्रात एकटंच उभं. अण्णा अर्धा तास त्या उरलेल्या खांबांचे जोड बघत राहिले, कुठे काय निसटलं असेल ते मला समजावत. फिटरच तो. हे मी साखरेत घोळून लिहू? जसं होतं तसं लिहिलंय. गोड होतं म्हणून गोड आलं.

आणि आता ते वाक्य. ‘विचारून बघा तिला.’

माझी आई 2017 मध्ये गेली. तुम्हाला ते माहीत असण्याचं कारण नाही, हे मी समजू शकते. पण ज्या बाईला तुम्ही ओळखत नाही, तिच्या वतीने तिच्या मुलीला जाब विचारताना माणूस क्षणभर थांबतो. तुम्ही थांबला नाहीत. टोपणनावसुद्धा न घेता लिहिता आणि दुसऱ्याच्या आईला साक्षीला बोलावता, याला मी टीका म्हणत नाही. हा आगाऊपणा आहे.

माझी आई तिथे सुखी होती. मी पाहिलंय. ओळीतल्या बाकीच्या बायकांच्या आधी, साडेपाचला उठून ती टोकाच्या नळावरून पाण्याचे दोन कॅन भरून आणायची, कारण त्या वेळी तिथे कुणी नसे आणि तिला मोकळं वाटायचं. बेलग्रेव्ह रोडच्या गुजराती दुकानातून पीठ, डाळी आणलेल्या असत. घरचा प्रेशर कुकर, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, सगळं ती दोन दिवस आधी बांधून ठेवायची. दोन शेगड्यांवर चार माणसांचं दोन्ही वेळचं व्हायचं. फोडणी खिडक्या लावून द्यायची, वास ओळीत जाऊ नये म्हणून, आणि मग काचांवरून पाणी ओघळायचं, त्यावर आम्ही बोटाने नावं लिहायचो. शेवटच्या दिवशी आम्ही बांधावर खेळत असताना ती सोड्याच्या पाण्याने सगळी कॅराव्हॅन आतून पुसून काढायची, पडदे धुऊन वाळवून परत लावायची. हिंदी माणसांना दिली म्हणून वास राहिला, असं मालकाच्या बायकोने म्हणू नये. नऊ वर्षांत ती तसं एकदाही म्हणाली नाही. हा माझ्या आईचा मान होता. याला ‘दुसरा संसार’ म्हणून तुम्ही तिला बिचारी करता, आणि ती बिचारी नव्हती. माझ्याकडे तिचा फोटो आहे: बांधाच्या पायरीवर बसलेली, साडीवर अण्णांचा स्वेटर, पायात मोजे, हातात कागदातले चिप्स, हसते आहे. तक्रार तिने कधी केली नाही. मला आणखी पुरावा लागत नाही, आणि हा विषय मी इथे संपवते. यावर पुन्हा काही लिहिलंत तर ते मी छापणार नाही.

कॅराव्हॅन पार्कांनी किनाऱ्याचं काय केलं, हा वेगळा लेख होईल. तिथे 1994 पासून समुद्रतळाची वाळू उपसून किनाऱ्यावर टाकतात, हे मला माहीत आहे. माझ्या लेखाशी त्याचा संबंध नाही. कोकणाबद्दल तुम्हाला जे म्हणायचंय ते तुम्ही लिहा, मी वाचेन.

बाकी ज्यांनी आपापल्या सुट्ट्यांच्या आठवणी प्रतिक्रियांत लिहिल्या, विशेषतः स्लाऊहून आणि बर्मिंगहॅमहून, त्यांना या आठवड्यात एकेक करून उत्तर देते. या उत्तरामुळे उशीर झाला.

अनामित, तुमची पहिली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. सूर्याचं वाक्य आज सकाळी बदललं. आता तिथे असं आहे: ‘संध्याकाळी सूर्य आमच्या पाठीमागे, बटाट्याच्या शेतांवर मावळायचा, आणि आई नळावर जाऊन यायची.’